किनारा निर्जन कोणी केला?

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून समुद्रकिनाऱ्यांची आणि बेटांची वर्णने दिसू लागतात. या लेखनाची स्वतःची अशी एक शब्दकळा आहे. वाळू रुपेरी असते, पाणी निळेशार असते, माडांची राई गर्द असते आणि किनारा हटकून 'निर्जन' किंवा 'अस्पर्शित' असतो. किनाऱ्यावर माणूस जितका कमी, तितका तो किनारा सुंदर, असे एक गृहीत या लेखनाच्या मुळाशी असते. गजबजाटात आयुष्य कंठणाऱ्याला शांततेची ओढ वाटावी यात गैर काहीच नाही. अशी वर्णने वाचून मन क्षणभर प्रसन्न होते, हेही नाकारण्याचे कारण नाही. तरीही वाचकाने एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. किनारा निर्जन आहे, असे लेखक सांगतो. पण तो मुळातच निर्जन होता, की कोणी तो निर्जन केला?

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या लेखकापुढे उभा राहिला आणि त्याच्या लेखनाची दिशाच त्यामुळे बदलली. तो लेखक म्हणजे 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याच्या बेटांवरील लेखनाचा या दृष्टीने विचार करावा आणि त्यातून आपल्या किनारपट्टीवरच्या लेखनाला काही शिकता येते का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते लिहिले तेव्हा स्टीव्हन्सनने उष्ण कटिबंधातले एकही बेट पाहिलेले नव्हते. स्कॉटलंडमधल्या पावसाळी सुट्टीत, आपल्या सावत्र मुलाच्या करमणुकीच्या निमित्ताने, त्याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून कादंबरी जन्माला आली. कादंबरी विलक्षण वेधक आहे; पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी ती रात्री जागून वाचली आहे. पण त्या बेटावर मूळ रहिवासी कोणीच नाही. तिथे पुरलेले धन आहे, टेकड्या आहेत, दलदल आहे, आणि कोणे एके काळी सोडून दिलेला एक खलाशी आहे. बाकी बेट रिकामे. बाहेरून येणाऱ्याने त्यावर पाऊल ठेवावे, हवे ते उचलावे आणि परत जावे, यासाठीच जणू ते समुद्रात तरंगत थांबले आहे. नकाशातून जन्मलेल्या बेटाला भूतकाळ नसतो, हे येथे लक्षात ठेवावे.

पुढे पाच वर्षांनी स्टीव्हन्सन खरोखरीच्या बेटांवर गेला. लहानपणापासून तो छातीच्या विकाराने पोखरलेला होता. कोरड्या थंडीत, डोंगरांत, समुद्रकाठी, जिथे जिथे डॉक्टरांनी सांगितले तिथे तिथे राहून झाले होते. जून १८८८ मध्ये 'कॅस्को' नावाच्या शिडाच्या नौकेतून तो सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि जुलैच्या अखेरीस मार्केसास बेटांपैकी नुकु हिवा या बेटाच्या अनाहो उपसागरात त्याच्या नौकेने नांगर टाकला. या प्रवासाचे आणि त्यानंतरच्या भ्रमंतीचे वृत्त 'इन द साउथ सीज' या पुस्तकात आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८९६ साली, ग्रंथरूपाने बाहेर आले.

या पुस्तकावर त्या काळी आणि नंतरही एक आक्षेप घेतला गेला. 'ट्रेझर आयलंड'च्या लेखकाकडून वाचकांना साहस आणि रंगतदार व्यक्तिगत अनुभव हवे होते. त्याऐवजी त्याने त्यांच्या हाती चालीरीतींची, जमिनीच्या मालकीची, लोकसंख्येच्या घटीची माहिती ठेवली. खुद्द त्याच्या पत्नीलाही ही काळजी वाटत होती आणि तिने ती पत्रातून बोलूनही दाखवली होती. पुस्तक काही ठिकाणी संथ आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्याला दोष म्हटले गेले तेच या पुस्तकाचे खरे मोल आहे, असे मला वाटते.

अनाहोच्या पहाटेचे वर्णन करण्यात स्टीव्हन्सन कुठेही कमी पडत नाही. डोंगरांचे बदलते रंग, माडांचे पट्टे, पाण्याचा रंग हे सारे तो पाहतो आणि मनापासून सांगतो. मात्र तो तिथेच थांबत नाही. किनाऱ्यावरून आत दरीत गेल्यावर त्याला झाडीत बुडालेले दगडी चौथरे दिसतात. ते घरांचे चौथरे आहेत आणि त्यांवर घरे उरलेली नाहीत. पुरवणीतला लेखक येथे 'प्राचीन अवशेषांचे गूढ' असा एखादा शब्दप्रयोग करून पुढे सरकला असता. स्टीव्हन्सन विचारतो की ही माणसे गेली कुठे? मग त्याला हापा नावाच्या जमातीची हकीकत कळते. सुमारे चारशे माणसांची ती जमात. देवीची साथ आली आणि चौथा हिस्सा माणसे गेली. सहा महिन्यांनी एका स्त्रीला क्षय झाला, तो वणव्यासारखा दरीभर पसरला, आणि वर्ष उलटायच्या आत एक पुरुष व एक स्त्री एवढीच माणसे उरली. तीही त्या ओसाडीतून पळून गेली. ही ओसाडी नव्याने निर्माण झालेली होती, हे स्टीव्हन्सन मुद्दाम नोंदवतो. या एका नोंदीत सारे प्रवासवर्णन बदलून जाते. दरीतली शांतता निसर्गाने दिलेली नव्हती. बाहेरून आलेल्या जहाजांतून जे रोग आले, त्यांनी ती तयार केली होती. आणि हे लिहिणारा लेखक स्वतः छातीच्या विकाराने जर्जर होऊन त्याच बेटांवर हवापालटासाठी आलेला होता! त्याने या विसंगतीचा गाजावाजा केलेला नाही. पण ती जाणवल्यावाचून राहत नाही.

माणसांना बोलते करण्याची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. बेटवासीयांना तो प्रश्नांच्या सरबत्तीने हैराण करीत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातल्या टोळ्यांच्या, त्यांच्या मोडलेल्या सत्तेच्या, भुताखेतांच्या गोष्टी तो आधी सांगतो. मग समोरचा आपल्या गोष्टी सांगू लागतो. आपण पाहायला आलो आहोत आणि ते पाहिले जाण्यासाठी आहेत, असे नाते तो होऊ देत नाही. पुढे सामोआत कायमचे घर केल्यावर लोकांनी त्याला 'टुसिताला', म्हणजे गोष्टी सांगणारा, हे नाव दिले, ते अकारण नव्हे.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रसंग हवाई बेटांवरचा आहे. मोलोकाई या बेटाच्या उत्तर बाजूला समुद्रात शिरलेला जमिनीचा एक सपाट तुकडा आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला तीन हजार फुटांपर्यंत उभे चढत गेलेले हिरवे कडे. समुद्राकाठचे इतके उंच कडे जगात क्वचितच आढळतात. सौंदर्याच्या कोणत्याही यादीत हा किनारा वरच्या क्रमांकावर असेल. याच जागेवर १८६६ सालापासून हवाईच्या शासनाने कुष्ठरुग्णांना आणून सोडायला सुरुवात केली. आधी वसाहत पूर्वेच्या कलावाओला होती, नंतर ती पश्चिमेच्या कलाउपापाला सरकली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ कुटुंबांना हळूहळू हलवण्यात आले. सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९६९ सालापर्यंत टिकला आणि त्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे तिथे धाडली गेली. हवाईच्या लोकांनी या आजाराला दिलेल्या एका नावाचा अर्थच 'ताटातूट करणारा आजार' असा आहे. आई मुलापासून, नवरा बायकोपासून तुटत असे. कडे उंच होते आणि समुद्र खवळलेला असे, म्हणूनच ही जागा निवडली होती. आज ज्याला आपण निसर्गाचे वैभव म्हणू, तेच त्या माणसांच्या तुरुंगाची भिंत होते.

या किनाऱ्यावर १० मे १८७३ रोजी बेल्जियममधल्या शेतकरी कुटुंबातले एक तरुण धर्मगुरू उतरले. फादर डेमियन यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली गेलेली आहे. ती येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी घरे बांधली, पाणी आणले, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या, रुग्णांबरोबर एकाच ताटातले खाल्ले, आणि शेवटी त्यांच्याच आजाराने १५ एप्रिल १८८९ रोजी ते मरण पावले. त्यानंतर जेमतेम महिनाभराने, मे १८८९ मध्ये, स्टीव्हन्सन कलाउपापाला गेला आणि आठवडाभर तिथे राहिला.

त्या भेटीविषयी त्याने पत्नीला लिहिलेले पत्र त्याच्या प्रवासलेखनातला सर्वांत प्रामाणिक मजकूर मानावा लागेल. होडीत त्याच्याबरोबर वसाहतीत कामाला निघालेल्या दोन धर्मभगिनी होत्या. त्यांच्यापैकी एक आपल्या बुरख्याआड मुकाट्याने रडत होती; तिला पाहून त्यालाही रडू आले. धक्क्यावर शेकडो रुग्ण स्वागताला जमले होते आणि प्रत्येकाचा हात पुढे येत होता. हात द्यायचा नाही, असे त्याने वाटेतच ठरवले होते; हातमोजे घालून हात देण्यापेक्षा ते कमी अपमानकारक, असे त्याला वाटले. त्यांच्या रोगग्रस्त चेहऱ्यांना तो नाटकातल्या मुखवट्यांची उपमा देतो. ही उपमा क्रूर आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. माणसाचा चेहरा मुखवटा वाटणे ही पाहणाऱ्याची मर्यादा असते. पण त्याच पत्रात तो कबूल करतो की आपले तिथे काही काम नाही, असे त्याला वाटले आणि तो गर्दीतून बाजूला होऊन, अंगावरचे पांघरूण आणि कॅमेरा घेऊन, पायी चालू लागला. आपण येथे कशाला आलो, ही लाज पर्यटकाच्या लेखनात सहसा आढळत नाही. ती येथे आहे. पुढच्या दिवसांत तो मदर मरियान कोप यांच्या आश्रमातल्या मुलींबरोबर क्रोके खेळला, आणि परत गेल्यावर त्याने त्या मुलींसाठी पियानो पाठवला. मुखवट्यांकडे पाहणारा माणूस आठवडाभरात मुलींबरोबर खेळणारा झाला, हा बदल कोणत्याही निसर्गवर्णनाहून मोठा आहे.

या भेटीचे खरे फळ पुढच्या वर्षी दिसले. होनोलुलूच्या डॉ. हाइड नावाच्या एका पाळकाने एका खाजगी पत्रात फादर डेमियन यांच्याविषयी अत्यंत अनुदार मजकूर लिहिला होता: ते गावंढळ, अस्वच्छ, हेकेखोर होते, आणि त्यांचे चारित्र्यही शुद्ध नव्हते. ते पत्र छापले गेले आणि सिडनीत स्टीव्हन्सनच्या वाचनात आले. २५ फेब्रुवारी १८९० ही तारीख घालून त्याने डॉ. हाइड यांना अनावृत पत्र लिहिले. स्टीव्हन्सन कॅथलिक नव्हता. तो स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन घराण्यात वाढलेला होता आणि डॉ. हाइड हे त्याच्याच बाजूचे म्हणावेत असे प्रॉटेस्टंट. तरीही त्याने लेखणी उचलली.

वाङ्मयीन दृष्टीने या पत्राची रचना अभ्यासण्यासारखी आहे. स्टीव्हन्सन फादर डेमियन यांची स्तुतिस्तोत्रे गात नाही. ते राकट होते, अस्वच्छ होते, हट्टी होते, हे तो मान्य करतो. धर्मादाय आलेल्या पैशाचा विनियोग त्यांनी आधी केवळ कॅथलिकांसाठी योजला होता, पण चूक दाखवून देताच ती मोकळेपणाने कबूल करून त्यांनी यादी बदलली, हा प्रसंगही तो लपवत नाही. संतचरित्रे लिहिणाऱ्या आपल्याकडच्या लेखकांनी यापासून धडा घ्यावा. दोष सांगितल्याने संत लहान होत नाही. उलट तो माणूस होता, यावर वाचकाचा विश्वास बसतो. या पत्राचा दुसरा विशेष असा की त्याचा मुख्य युक्तिवाद म्हणजे ती जागा आहे. डॉ. हाइड यांच्या होनोलुलूतल्या सुखवस्तू घराशेजारी स्टीव्हन्सन कलाउपापाचा धक्का, रुग्णालय, तिथला वास, तिथले चेहरे मांडतो, आणि वाचकाला विचारतो की तुम्ही त्या किनाऱ्यावर एक रात्र तरी काढली असती काय? निसर्गवर्णनाला येथे साक्षीचे रूप आले आहे. ज्याने ती जागा पाहिली त्यालाच तिथे राहिलेल्या माणसाविषयी बोलण्याचा अधिकार, हे त्याचे सूत्र आहे.

या पत्रालाही एक दोष आहे. डॉ. हाइड यांच्यावरचा आघात इतका निर्दय आहे की पुढे स्टीव्हन्सनला स्वतःलाच तो फार कठोर वाटला. शिवाय पत्रात फादर डेमियन आणि डॉ. हाइड या दोन गोऱ्या धर्मोपदेशकांना जेवढी जागा मिळते, तेवढी एकाही हवाईयन रुग्णाला मिळत नाही. त्यांची नावे आपल्याला कळत नाहीत. नुकु हिवाच्या दरीत ज्याने हरवलेल्या माणसांची विचारपूस केली, तो येथे जिवंत माणसांची नावे विचारायला विसरला, अशी रुखरुख राहते. तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. डेमियन यांना संत घोषित केले जाईल असा दिवस येईल, हे त्याने त्या पत्रात गृहीत धरले होते. तो दिवस उजाडला ११ ऑक्टोबर २००९ रोजी. मदर मरियान यांना २०१२ साली संतपद मिळाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळावे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यांवर मराठीत विपुल लेखन होऊ लागले. हे लेखन बहुतांशी 'ट्रेझर आयलंड'च्या नकाशावरचे आहे. 'इन द साउथ सीज'च्या दरीत ते अजून उतरलेले नाही. त्यातले एक ठरावीक वाक्य घ्या: वाळूवर होड्या विसावलेल्या असतात. या वाक्यात क्रियापद आहे, कर्ता मात्र नाहीसा झाला आहे. होडी आपण होऊन विसावत नाही. माणसांनी खांदे लावून ती वर ओढलेली असते. जून-जुलैत ती वाळूवर असेल तर मासेमारीबंदीमुळे असते, आणि त्या दोन महिन्यांत तिच्या मालकाच्या घरी चूल कशी पेटते हा वेगळाच विषय आहे. मालवणच्या बाजूला सकाळी दहाला किनारा शांत दिसतो, कारण पहाटेच रापण ओढून झालेली असते. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागून जाळे ओढले गेलेले असते आणि मासळीचे वाटेही पडलेले असतात. उशिरा उठलेला पाहुणा त्या शांततेला 'अस्पर्शित' म्हणतो. रेवदंड्याजवळच्या कोर्लईला लोक किल्ला आणि दीपगृह पाहायला जातात. पण पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलणारी ख्रिस्ती वस्ती त्या किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे, हे त्यांतल्या कितीजणांच्या लेखनात उतरते? किनारा निर्जन ठरवला की त्याची पुढची पायरी सोपी असते. जिथे कोणी नाही तिथली जागा घ्यायला कोणाला विचारायचे? वर्णनातून वगळलेला माणूस उद्या आराखड्यातूनही वगळला जातो, ही भीती आपल्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांना नवी नाही.

एकांताची ओढ ख्रिस्ती मनाला परकी नाही, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू थकलेल्या शिष्यांना घेऊन होडीतून एका एकांत स्थळी जायला निघतो. पण लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत आधीच तिथे पोहोचलेले असतात. होडी लागते तेव्हा किनारा माणसांनी भरलेला असतो. प्रभू त्रासिकपणे होडी वळवत नाही. त्या माणसांना पाहून त्याला कळवळा येतो, आणि भाकरी व मासे वाटण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग त्याच जागी घडतो. निर्जन किनाऱ्याच्या शोधात निघालेल्या प्रत्येक लेखकाने हा अध्याय एकदा वाचून निघावे.

कलाउपापा १९८० सालापासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथला किनारा आजही अत्यंत शांत आहे. तिथे गेलेल्या हजारो रुग्णांपैकी बहुतेकांच्या कबरींवर खूण नाही. फादर डेमियन यांचा देह १९३६ साली बेल्जियमला नेण्यात आला. पण १९९५ साली त्यांचा उजवा हात कलावाओच्या मूळ कबरीत परत आणून पुरण्यात आला. त्या माणसांना रोज दिलेला हात त्यांच्याजवळच राहावा, ही मागणी किती योग्य होती!

आपल्या त्रैमासिकात सुट्टीनंतर प्रवासाचे लेख येतात, तरुण लेखक उत्साहाने लिहितात, ते छापले जावेत आणि अधिकाधिक यावेत. त्यांच्यापाशी एवढेच मागणे आहे. किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेली होडी दिसली तर ती कोणाची, हे विचारावे. नाव कळले तर लिहावे. माडांचे आणि वाळूचे वर्णन त्यानंतर खुशाल करावे.